न्यूमोनिया बरा झाल्यावर फुफ्फुसात राहिलेला डाग : जुना व्रण की नवा आजार?

गोदातीर (धागाकर्ता)

गेल्या वर्षी श्रावणात मला झालेल्या न्यूमोनियाची हकीकत आणि तिच्यातून आता नऊ महिन्यांनी उभा राहिलेला प्रश्न येथे सविस्तर मांडत आहे. माझे वय ४६, वास्तव्य नाशिकला, विडी-सिगारेट कधी ओढलेली नाही, आणि आपल्याला मधुमेह आहे हे मला रुग्णालयात दाखल होईपर्यंत ठाऊक नव्हते. सुरुवात हुडहुडी भरून ताप येण्याने झाली. दुसऱ्या दिवशी दीर्घ श्वास घेताना उजव्या बगलेखाली उसण भरल्यासारखी कळ येऊ लागली, आणि तिसऱ्या दिवशी बेडका विटकरी रंगाचा व इतका चिकट झाला की तो भांड्यातून सुटेना. जवळच्या दवाखान्यातून लेव्होफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळाल्या होत्या, त्यांनी ताप दीड दिवस उतरला आणि पुन्हा चढला. पाचव्या दिवशी मी असंबद्ध बोलू लागलो, तेव्हा घरच्यांनी मला मोठ्या रुग्णालयात हलवले. दाखल होताना ऑक्सिजन ८२ टक्के, श्वासाची गती मिनिटाला ३६, रक्तदाब ८६ वर ५० आणि साखर ४००च्या पुढे होती.

छातीच्या फोटोत उजव्या फुफ्फुसाचा वरचा खंड संपूर्ण पांढरा दिसत होता, आणि सीटी स्कॅनमध्ये त्या पांढऱ्या भागाच्या आत काळे खळगे होते, म्हणजे तेथील ऊती मरू लागल्या होत्या. बेडक्यात आणि रक्तात क्लेबसिएला हा जंतू वाढला, तर क्षयरोगासाठी केलेली सीबीनॅट तपासणी नकारात्मक आली. सहा दिवस व्हेंटिलेटरवर आणि एकूण एकोणीस दिवस रुग्णालयात काढले. आधी शिरेतून आणि मग पोटातून अशी मिळून सहा आठवडे प्रतिजैविके घेतली.

आता मूळ प्रश्न. गेल्या महिन्यात कंपनीच्या वार्षिक तपासणीत पुन्हा फोटो काढला, त्याच्या अहवालात ‘उजव्या वरच्या भागात तंतुमय डाग व लहान पोकळी, कॉक्स?’ असे लिहून आले. (क्षय हा शब्द रुग्णासमोर उच्चारायचा नाही म्हणून १८८२ साली त्याचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांचे नाव पुढे करायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, या निमित्ताने ती मला कळली.) तपासणाऱ्या डॉक्टरांनी खबरदारी म्हणून क्षयाची सहा महिन्यांची औषधे सुरू करावीत असे सुचवले आहे. मला ताप नाही, रात्री घाम येत नाही, वजन चार किलोने वाढले आहे. मात्र सकाळी एक-दोन चमचे बेडका पडतो आणि दोन जिने चढले की धाप लागते. हा डाग आजाराचा आहे की आजार होऊन गेल्याचा, हे कसे ठरवावे?

वातायन

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. रुग्ण न पाहता उपचार सांगता येत नाहीत, परंतु आपण विचारलेला प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात जवळजवळ रोज येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एका फोटोवरून डाग जिवंत आहे की मेलेला, हे कोणीही सांगू शकत नाही. दोन फोटो शेजारी लावले, तर पुष्कळ वेळा सांगता येते. म्हणून पहिले काम औषध सुरू करण्याचे नसून रुग्णालयातून सुटतानाचा, त्यानंतरच्या तपासणीचा आणि आताचा असे सर्व फोटो व सीटी एकत्र करून पाहण्याचे आहे. डाग आकसत गेला असेल किंवा आहे तसाच स्थिर असेल, तर तो व्रण मानण्यास बळकट आधार मिळतो. त्याच्या कडेला नवे ठिपके उमटले असतील किंवा पोकळी मोठी होत असेल, तर संशय रास्त ठरतो. दुसरे काम बेडक्याचे. सकाळचा नमुना दोन वेगवेगळ्या दिवशी देऊन सीबीनॅट आणि द्रव माध्यमावरील कल्चर (म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून पाहणे) या दोन्ही तपासण्या कराव्यात. कल्चर नकारात्मक ठरवायला सहा आठवडे लागतात. आपली प्रकृती उत्तम असताना तेवढे थांबण्याने नुकसान होईल असे मला वाटत नाही. उलट अंदाजाने औषधे सुरू केली आणि दोन महिन्यांनी यकृताला सूज आली, तर त्या औषधांची मुळात गरज होती का, या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नसते.

हा गोंधळ आपल्या बाबतीतच का झाला, यालाही कारण आहे. क्लेबसिएला वरच्या खंडात जाऊन बसतो, तेथील ऊती कुजवतो आणि पोकळी करतो. क्षयही नेमके हेच करतो. पहिल्या आठवड्यात दोहोंतला फरक आजाराच्या वेगावरून कळतो, कारण क्षय सहसा आठवड्यांच्या चालीने येतो आणि क्लेबसिएला तासांच्या. पण नऊ महिन्यांनी वेग दिसत नाही, मागे राहिलेला खड्डा तेवढा दिसतो.

आता व्रण का राहिला ते पाहू. न्यूमोकॉकस या जंतूच्या नेहमीच्या न्यूमोनियात फुफ्फुसाचे वायुकोश, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्या, आधी द्रवाने, मग रक्तपेशींनी आणि पूपेशींनी भरतात. तो भाग हाताला यकृतासारखा घट्ट लागतो, म्हणून जुन्या शरीरविकृतिशास्त्रात त्या अवस्थांना लाल आणि करडे यकृतीकरण अशी नावे आहेत. विशेष असे की या सगळ्या धुमश्चक्रीत वायुकोशांच्या भिंती बहुधा शाबूत राहतात. भरलेले पाणी उपसावे तसा आतला राडा पेशी खाऊन टाकतात किंवा तो खोकून बाहेर पडतो, आणि घर पुन्हा पूर्वीसारखे होते. क्लेबसिएला, स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास किंवा तोंडातील प्राणवायूविना वाढणारे जंतू भिंतीच पाडतात. पडलेल्या भिंतीच्या जागी फुफ्फुस नवी भिंत बांधत नाही, तंतूंचे चिवट जाळे विणते. ते जाळे पुढे आकसते आणि आकसताना शेजारच्या श्वासनलिकांना ओढून रुंद करते. आपल्या सकाळच्या बेडक्याचे मूळ बहुधा तेथेच आहे.

सूक्ष्मदर्शी

मी प्रयोगशाळेत काम करते. धागाकर्त्यांच्या बाबतीत जंतूचे नाव मिळाले, ही गोष्ट वाटते तितकी सर्रास घडत नाही. अमेरिकेत न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढांचा एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्या काळच्या सर्व आधुनिक चाचण्या करूनही शंभरांपैकी ६२ जणांत कोणताच जंतू हाती लागला नव्हता. आपल्याकडे तर बहुतेक रुग्ण दोन-तीन प्रकारच्या गोळ्या घेऊनच येतात, आणि पोटात प्रतिजैविक गेल्यानंतर घेतलेले रक्ताचे कल्चर पुष्कळदा कोरे राहते. म्हणून रक्ताच्या बाटल्या पहिल्या इंजेक्शनच्या आधी भरायच्या असतात; अर्थात रुग्ण अत्यवस्थ असेल तर इंजेक्शनही त्यासाठी खोळंबून ठेवायचे नसते.

बेडक्याविषयीही थोडे लिहिते. आमच्याकडे बेडका म्हणून येणाऱ्या डब्यांपैकी कितीतरी डब्यांत निव्वळ लाळ असते. सूक्ष्मदर्शकाच्या लहान भिंगाखाली तोंडातील चपट्या पेशी दहापेक्षा कमी आणि पूपेशी पंचवीसपेक्षा जास्त दिसल्या, तरच तो नमुना फुफ्फुसातून आला असे आम्ही धरतो. चूळ भरून, खोल खोकून, सकाळी उठल्याबरोबर पडलेला बेडका द्यावा, एवढे रुग्णाला नीट समजावून सांगितले तरी निदानाचे अर्धे काम होते. योगायोग असा की हान्स क्रिश्चन ग्राम यांनी १८८४ साली जंतू रंगवून ओळखण्याची आपली रंजनपद्धती प्रसिद्ध केली, ती न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसांत जंतू शोधत असतानाच त्यांना सुचली होती. क्लेबसिएलाला पूर्वी ज्यांच्या नावाने ओळखत, ते फ्रीडलेंडर त्याच शवागारात त्यांच्याबरोबर काम करत होते.

आणखी एक सूचना. लेव्होफ्लॉक्सॅसिन हे औषध क्षयाच्या जंतूवरही काही अंशी चालते. खरोखर क्षय असलेल्या रुग्णाला ते न्यूमोनिया समजून दिले, तर चार दिवस बरे वाटते, कल्चरही कधीकधी फसते आणि निदान लांबते. आपल्या प्रकरणात तसे झालेले दिसत नाही, परंतु क्षयाची शंका असलेल्या प्रदेशात ते औषध सरसकट देऊ नये.

माडाची_सावली

दक्षिण कोकणात वैद्यकीय व्यवसाय करतो. पावसाळा, मधुमेह आणि पोकळी करणारा न्यूमोनिया हे त्रिकूट एकत्र वाचले की माझ्या मनात आणखी एक नाव येते : मेलिऑइडोसिस. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय हा त्याचा जंतू ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात राहतो. कर्नाटकाच्या उडुपी-मंगळूर किनाऱ्यावर त्याचे रुग्ण नियमितपणे आढळतात, आणि गोव्यात व आमच्याकडे माती व पाऊस काही निराळे नाहीत. चिखलणीला उतरलेला मधुमेही शेतकरी तापाने फणफणून येतो, फोटोत वरच्या खंडात पोकळी दिसते, बेडक्यात क्षयाचा जंतू सापडत नाही, तरीही क्षयाची औषधे सुरू होतात. प्रयोगशाळेने त्या जंतूला ‘स्यूडोमोनास जातीचा’ म्हणून बाजूला सारले की चूक पक्की होते. यात किमान दहा ते चौदा दिवस शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम आणि त्यानंतर तीन महिने वा अधिक काळ कोट्रायमोक्साझोल द्यावे लागते, अन्यथा आजार उलटतो. गोदातीर यांच्या रक्तातच क्लेबसिएला वाढला असल्याने त्यांच्यापुरता हा विषय संपतो, परंतु धागा वाचणाऱ्या इतर कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिले.

अबोली

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याला न्यूमोनियानंतर छातीत पू झाला होता. चार दिवस इंजेक्शने चालू असूनही ताप हटेना, तेव्हा सोनोग्राफी केली आणि फुफ्फुसाभोवती जाळीजाळीचे पाणी दिसले. नळी टाकून ते काढले, तर ते पिवळट, दाट होते. त्यातील साखर फार कमी आणि आम्लता वाढलेली होती, म्हणजे ते साधे पाणी नसून पूच होता, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. आतील जाळ्या विरघळाव्यात म्हणून नळीवाटे युरोकायनेज सोडले, आणि त्यानेही फुफ्फुस उघडले नसते तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून वरची साल सोलावी लागली असती.

घरी आल्यावर तीन महिने फोटोत उजवी बाजू धुरकट दिसत होती आणि मी प्रत्येक फोटो चार जणांना दाखवत फिरत होते. एका वयस्कर बालरोगतज्ज्ञांनी फोटो बाजूला ठेवून मुलाला अंगणात पळायला लावले आणि त्याच्याकडे दहा मिनिटे पाहत राहिले. आता तो अकरा वर्षांचा आहे, फुंकर मारायच्या तपासणीत त्याचे सर्व आकडे त्याच्या उंचीप्रमाणे आहेत, आणि फोटोत आजाराची खूण शोधूनही सापडत नाही. मोठ्या माणसांचेही असेच होते का?

वातायन

अबोलीताई, इतके नाही. लहान मुलांची फुफ्फुसे वाढत असतात, नवे वायुकोश तयार होत असतात, म्हणून छातीत पू होऊन गेलेली बहुसंख्य मुले पूर्णपणे सावरतात. स्टॅफिलोकॉकसने फुफ्फुसात फुग्यांसारख्या पोकळ्या केल्या तरी त्या बहुधा काही महिन्यांत आपोआप विरून जातात. प्रौढांत मात्र जाड झालेले फुफ्फुसावरण कधीकधी कायम राहते आणि सालीत अडकलेल्या फुफ्फुसाला पुरते फुगू देत नाही.

फोटो मागे रेंगाळतो ही आपली नोंद मात्र सर्वांना लागू आहे. ताप उतरतो दोन-चार दिवसांत, खोकला काही आठवड्यांत, आणि फोटो त्याहूनही उशिरा साफ होतो. पन्नाशीच्या आतील निरोगी माणसाला साधारण महिना पुरतो. वय जास्त असेल, मधुमेह असेल किंवा एकाहून अधिक खंड भरले असतील, तर तीन महिनेही लागतात.

थेम्सकाठचा

मी इंग्लंडमध्ये असतो. येथील श्वसनविकार संघटनेच्या मार्गदर्शनानुसार धूम्रपान करणाऱ्यांचा, पन्नाशी ओलांडलेल्यांचा आणि लक्षणे न हटलेल्यांचा फोटो साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा काढतात. माझे सासरे चाळीस वर्षे धूम्रपान करत होते. त्यांना वयाच्या ६७व्या वर्षी न्यूमोनिया झाला, औषधांनी त्यांना पूर्ण बरे वाटले, आणि ‘आता कशाला फोटो’ म्हणून ते जायला तयार नव्हते. सहा आठवड्यांनंतरच्या फोटोतही त्याच जागी सावली तशीच होती, आणि दुर्बिणीतून पाहिल्यावर श्वासनलिका अडवून बसलेली गाठ दिसली. न्यूमोनिया त्या गाठीच्या मागे साचलेल्या कफात झाला होता. त्यामुळे न हटणारा प्रत्येक डाग निव्वळ व्रण समजू नये, एवढेच म्हणायचे आहे.

चिकित्सक

मग शंकाच नको म्हणून दर सहा महिन्यांनी सीटी का काढू नये? खर्च सोडला तर अडचण कोणती?

वातायन

अडचण किरणोत्साराची आहे. छातीच्या नेहमीच्या सीटीत साध्या फोटोच्या शंभराहून अधिक पट किरणोत्सार अंगावर पडतो. शिवाय वारंवार सीटी काढणाऱ्याच्या फुफ्फुसात दरवेळी काहीतरी निरुपद्रवी ठिपका सापडतोच, आणि मग त्या ठिपक्याचा पाठलाग सुरू होतो. गोदातीर यांच्यासाठी आत्ता एक सीटी योग्य वाटतो, कारण पोकळीच्या आत काय आहे हे साध्या फोटोत दिसत नाही. त्यानंतर लक्षणे बदलली तरच दुसरा. सीटीपेक्षा मला त्यांच्या फुफ्फुसांची कार्यक्षमता मोजलेली पाहायला आवडेल. फोटोत फुफ्फुस कसे दिसते ते कळते, ते किती काम करते हे कळत नाही.

गोदातीर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. गेल्या दोन आठवड्यांत तपासण्या करून घेतल्या. जुने तीन आणि नवा एक असे फोटो छातीविकारतज्ज्ञांनी प्रकाशपेटीवर ओळीने लावले, आणि डाग दरवेळी आकसत गेल्याचे मलाही दिसले. श्वासनळी उजवीकडे ओढली गेली आहे, तेही त्यांनी बोट ठेवून दाखवले. सीटीमध्ये दीड सेंटिमीटरची पातळ भिंतीची रिकामी पोकळी आहे आणि तिच्या शेजारच्या श्वासनलिका त्यांच्या सोबतच्या रक्तवाहिनीहून जाड झाल्या आहेत, याला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात असे सांगितले. सीबीनॅट दोन्ही वेळा नकारात्मक, कल्चरची वाट पाहत आहे.

कार्यक्षमतेच्या तपासणीत जोराने सोडलेली एकूण हवा अपेक्षेच्या ६८ टक्के, पहिल्या सेकंदातील हवा ७० टक्के, दोहोंचे गुणोत्तर ०.८१ आणि वायूंची देवाणघेवाण ६४ टक्के आली. सहा मिनिटांत ४१० मीटर चाललो, तेव्हा ऑक्सिजन ९६ वरून ९१ वर आला. दम्याचा पंप मला आधीच्या डॉक्टरांनी दिला होता, त्याने फरक पडलेला नाही. या आकड्यांचा अर्थ काय?

वातायन

पंपाने फरक का पडला नाही, याचे उत्तर त्या गुणोत्तरात आहे. दम्यात नळ्या आवळतात, म्हणून पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या मानाने कमी होते. आपले गुणोत्तर चांगले आहे, म्हणजे नळ्या अडलेल्या नाहीत, पिशवीच लहान झाली आहे. पक्केपणाने तसे म्हणायला फुफ्फुसांची एकूण धारणाशक्ती मोजावी लागते, पण चित्र त्याच दिशेचे आहे.

मात्र एका वरच्या खंडाचा काही भाग आकसला, एवढ्याने हे आकडे इतके खाली यावेत हे मला थोडे जास्त वाटते. व्हेंटिलेटरवर राहिलेल्या माणसाचे श्वासाचे स्नायू, मांड्या आणि खांदेही रोडावतात, आणि जोराने हवा सोडायची तपासणी त्या स्नायूंचीही परीक्षा असते. धापेचा काही वाटा तेथला असेल, आणि तो भरून येण्यासारखा आहे. सहा महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करावी.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. बेडक्यातून रक्त पडले, तर थेंबभर असले तरी डॉक्टरांना दाखवा, आणि अर्ध्या वाटीएवढे पडले तर थेट रुग्णालय गाठा, कारण रुंदावलेल्या नलिकांभोवतीच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. दुसरे म्हणजे जुन्या पोकळीत ॲस्परजिलस ही बुरशी घर करू शकते. पोकळीची भिंत जाड होऊ लागली किंवा आत गोळा दिसला, तर त्या बुरशीविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करतात.

ब्राँकिएक्टेसिस हा आपल्याकडे दुर्मीळ आजार नाही. भारतातील एकतीस केंद्रांवर नोंदवलेल्या २,१९५ रुग्णांची माहिती २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यांत एक तृतीयांशाहून अधिक जणांना तो पूर्वीच्या क्षयामुळे आणि पाचांतील एकाहून अधिक जणांना इतर गंभीर जंतुसंसर्गामुळे झालेला होता. आपण त्या दुसऱ्या गटातले.

प्राणवायू

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रुंदावलेल्या नलिकेतील कफ तेथेच साचू दिला तर त्यात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते आणि सुजेने नलिका आणखी सैल होते. हे चक्र तोडण्यासाठी कफ रोज बाहेर काढणे हाच भरवशाचा उपाय आहे. व्रण वरच्या खंडात असल्याने आपल्याला उताणे झोपून डोके खाली करण्याची गरज नाही. ताठ बसल्यावर तो भाग आपल्या वजनानेच निचरा करतो. शांत श्वास, मग तीन-चार दीर्घ श्वास आणि प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबणे, त्यानंतर आरशावर वाफ धरायची असल्यासारखा उघड्या तोंडाने ‘हाऽ’ करून श्वास सोडणे, असे दहा-पंधरा मिनिटे सकाळी व संध्याकाळी करावे. याच्या जोडीला मांड्यांचे व्यायाम आणि रोजचे चालणे सहा ते आठ आठवडे देखरेखीखाली वाढवत न्यावे. निव्वळ प्राणायामावर भिस्त ठेवणारे रुग्ण मला पुष्कळ भेटतात. प्राणायाम जरूर करावा, परंतु जिना मांड्यांनी चढायचा असतो.

चिकित्सक

न्यूमोनियाची लस घेतली असती तर हे टळले असते का?

वातायन

नाही. ती लस न्यूमोकॉकसवर आहे, क्लेबसिएलावर नाही. मुलांच्या राष्ट्रीय लसीकरणात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर मिळू लागली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही न्यूमोकॉकसच्या दहा प्रकारांवरची लस बनवली आहे. प्रौढांसाठी वेगळ्या, अधिक प्रकारांवरच्या लशी असतात. गोदातीर यांनी ती आता घ्यावी, शिवाय दरवर्षी फ्लूचीही घ्यावी, कारण मधुमेह असलेल्या आणि एका खंडाचा काही भाग गमावलेल्या माणसाला दुसरा न्यूमोनिया परवडणारा नाही. पहिला टळण्याची संधी साखरेच्या तपासणीत होती, ती हुकली.

गोदातीर

कल्चरचा अहवाल काल मिळाला. बेचाळीस दिवसांत क्षयाचा जंतू वाढला नाही. क्षयाची औषधे सुरू केलेली नाहीत. बेडका निम्म्याने कमी झाला आहे आणि दुसऱ्या जिन्यावरचा मुक्काम आता तिसऱ्या जिन्यावर गेला आहे. सर्व फोटो तारखेनुसार एका पाकिटात ठेवून त्यावर आजाराचे नाव, जंतूचे नाव आणि रुग्णालयातून सुटल्याची तारीख लिहून ठेवली आहे. कंपनीच्या अर्जात ‘पूर्वी क्षयरोग झाला होता काय’ असा रकाना होता, त्यात ‘नाही’ लिहिले, आणि समासात ‘उजव्या वरच्या खंडात क्लेबसिएला न्यूमोनियाचा जुना व्रण, सोबत फोटो जोडले आहेत’ असे.